शाळेचे दार आणि हद्दपारीचा हुकूम

अमेरिकेतील हद्दपारीच्या वादाची जी बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा विमानतळावरची असते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडण्यात आले. बहुतेक पंजाब, हरयाणा आणि गुजरात येथले; तिघे महाराष्ट्रातले. हातापायांत बेड्या घालून त्यांना आणले हे ऐकून आपण हळहळलो. कायदा मोडला तर परिणाम भोगावेच लागतात, असेही कोणी म्हणाले. आणि विषय तेथेच मिटला. परंतु हद्दपारीचा खरा प्रश्न माणूस विमानात चढतो तेव्हा उभा राहत नाही. तो त्याच्या पुष्कळ आधी, अगदी रोजच्या जागी उभा राहतो. मुलाला शाळेत पोचवताना, आजारी बायकोला इस्पितळात नेताना, साक्ष देण्यासाठी कोर्टाची पायरी चढताना त्या माणसाला पकडता येते काय? आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकाने, त्या इस्पितळाच्या परिचारिकेने अशा वेळी काय करावे? आज आपणांस विचार करावयाचा आहे तो एवढ्याच प्रश्नाचा.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. ७ एप्रिल २०२५ रोजी लॉस एंजेलिस येथील रसेल आणि लिलियन स्ट्रीट या दोन प्राथमिक शाळांत मध्यवर्ती गृहसुरक्षा खात्याचे अधिकारी आले. पहिली ते सहावीच्या वर्गांतील पाच मुलांना भेटावयाचे आहे, असे त्यांनी सांगितले. मुलांच्या घरच्यांची संमती आहे, असेही सांगितले. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी त्यांना आत सोडले नाही. पुढे शहराच्या शाळाखात्याचे प्रमुख अल्बर्टो कार्व्हालो यांनी जाहीर केले की, अशी संमती घरच्यांपैकी कोणी दिलेलीच नव्हती. खात्याचे म्हणणे निराळे. ही मुले आईबापांवाचून सरहद्द ओलांडून आलेली. ती सुखरूप आहेत ना, एवढेच पाहावयाचे होते, धरपकडीचा हेतू नव्हता, असे खात्याने सांगितले. या दोहोंतील खरेखोटे आपण बाजूला ठेवू. नवलाची गोष्ट अशी की, प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक साऱ्या अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्याला दारातून परत पाठवतो आणि तो अधिकारी परत जातो! आपल्या जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत असे घडल्याची कल्पना करून पाहा. हे धाडस होते की कायदा होता? धाडस होतेच, पण त्याच्यामागे कायदा पुष्कळ होता.

हा कायदा समजून घेताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी ती ही की, देशात कोणाला येऊ द्यावे आणि कोणाला घालवून द्यावे हा अधिकार अमेरिकेत मध्यवर्ती सरकारचा आहे. ॲरिझोना राज्याने २०१० साली या बाबतीत स्वतःचा कडक कायदा केला. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने त्यातील वादग्रस्त चार कलमांपैकी तीन रद्द केली. जो न्याय कडकपणाला तोच सौम्यपणाला. ‘आमच्या राज्यात कोणालाही पकडू नये’ असा कायदा कॅलिफोर्निया करू शकत नाही, केला तर तो टिकणार नाही. मग राज्याच्या हाती उरले काय? उरली ती स्वतःची माणसे, स्वतःच्या इमारती आणि स्वतःची दप्तरे. मध्यवर्ती सरकारने आपला कायदा आपल्या माणसांकरवी खुशाल अमलात आणावा. राज्याच्या नोकरांना त्या कामाला जुंपण्याचा हुकूम मात्र त्याला करता येत नाही. शाळा, सार्वजनिक इस्पितळे, गावचे पोलीस ही सारी राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या हातची. सगळी गोष्ट या एका खुंटीवर टांगलेली आहे.

ही खुंटी केव्हा आणि कोणी ठोकली, हा इतिहास मोठा मजेचा आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळलो तरी वेळ वाया जाणार नाही. ती ठोकली गेली गुलामगिरीच्या काळात. पळून गेलेल्या गुलामाला दुसऱ्या राज्यात जाऊन पकडून आणण्याचा हक्क मालकाला देणारा मध्यवर्ती कायदा १७९३ साली झाला होता. १८३७ साली एडवर्ड प्रिग नावाच्या इसमाने मार्गारेट मॉर्गन या स्त्रीला तिच्या मुलांसह पेनसिल्व्हेनियातून उचलून मेरीलँडमध्ये नेले. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने हा गुन्हा होता. तेथल्या कोर्टाने प्रिगला दोषी ठरवले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि १८४२ साली निकाल प्रिगच्या बाजूने लागला. मध्यवर्ती कायद्याच्या आड राज्याला येता येणार नाही, असे न्यायमूर्ती स्टोरी यांनी लिहिले. निकाल कठोर होता यात शंका नाही. परंतु त्याच निकालात त्यांनी आणखी एक वाक्य घातले. त्याचा भावार्थ असा की, हा कायदा मध्यवर्ती सरकारचा आहे. तो राबवण्याची सक्ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही.

उत्तरेकडील राज्यांनी हे वाक्य अचूक उचलले. मॅसॅच्युसेट्सने दुसऱ्याच वर्षी, १८४३ साली, कायदा केला की, राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याने पळालेल्या गुलामाला धरण्यास मदत करू नये आणि राज्याचे तुरुंग त्या कामी देऊ नयेत. अशा असहकारापुढे मालकांचे हात बांधले गेले. अखेर १८५० साली मध्यवर्ती सरकारला नवा कायदा करून आपले स्वतःचे कमिशनर नेमावे लागले. आणि त्यांची फी अशी ठरली की, माणूस गुलाम ठरला तर दहा डॉलर, सुटला तर पाच!

याच काळात या तत्त्वाची दुसरी बाजूही ठरली. १८५४ साली मिलवॉकी शहरात लोकांनी तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हर या पळालेल्या गुलामाला सोडवले. शेरमन बूथ या संपादकावर मध्यवर्ती सरकारने खटला भरला. विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला सोडून दिले. १८५९ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने बजावले की, मध्यवर्ती सरकारच्या कैद्याला सोडण्याचा अधिकार राज्याच्या कोर्टाला नाही. म्हणजे मदत न करण्याची मोकळीक आहे, अडवण्याची नाही. २०२५ साली जे जे कायदे झाले ते सारे या दोन निकालांच्या मधल्या अरुंद पट्टीत उभे आहेत.

विसाव्या शतकात हे तत्त्व पुन्हा वर आले ते तर अगदी उलट्या दिशेने. १९९३ च्या कायद्याने पिस्तूल विकत घेणाऱ्याची चौकशी करण्याचे काम स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर टाकले होते. माँटाना आणि ॲरिझोना येथील दोन शेरीफांनी तक्रार केली की, मध्यवर्ती सरकार आम्हांला फुकट राबवून घेत आहे. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. तेव्हा हा निकाल बंदुकांच्या पुरस्कर्त्यांना गोड लागला आणि उदारमतवाद्यांना कडू. आज चव नेमकी उलटली आहे. घटनेतील तत्त्वाचे असेच असते. ते कोणाच्या उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही.

आपल्या घटनेत ही सोय नाही, हे येथे सांगून टाकलेले बरे. २५६ व्या कलमाप्रमाणे संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीनेच राज्यांनी आपला कारभार चालवावयाचा आहे, आणि त्यासाठी केंद्र राज्यांना आदेश देऊ शकते. इतकेच नव्हे, २०२५ साली झालेल्या परकीयांविषयीच्या नव्या कायद्याने आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांवर आणि इस्पितळांवर परकी विद्यार्थ्यांची व रुग्णांची माहिती सरकारला कळवण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा अमेरिकेतील एखादे राज्य जे करते ते आपल्याकडील एखाद्या राज्याने का करू नये, असा प्रश्न कोणी विचारू नये. दोन्ही घरांचा पायाच निराळा आहे.

आता शाळेकडे वळू. परवानगीवाचून राहणाऱ्या माणसाच्या मुलाला शाळेत बसू द्यावे की नाही, हा वाद टेक्सास राज्यात निघाला. १९७५ साली तेथे कायदा झाला की, अशा मुलांसाठी राज्य पैसा देणार नाही. टायलर नावाच्या गावी १९७७ साली अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर फी ठरवण्यात आली. मजुरी करणाऱ्या आईबापांना ती कशी परवडणार? चार कुटुंबांनी फिर्याद केली. मुलांना तेथेच पकडू नये म्हणून कोर्टाचे काम पहाटे सहाला ठेवण्यात आले. तरीही सरळ हद्दपारीलाच निघावे लागेल या तयारीने सामानसुमान गाडीत भरून काही जण कोर्टात आले होते. शाळेच्या एका जागेसाठी माणसे किती पणाला लावतात, ते यावरून कळते. १९८२ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण दिले आहे ते ‘नागरिकाला’ नव्हे, राज्याच्या हद्दीतील ‘कोणत्याही व्यक्तीला’, हे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी दाखवून दिले. आणि आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना का, असे विचारले. विरुद्ध मत देणारे सरन्यायाधीश बर्गर यांनाही मुलांना निरक्षर ठेवणे शहाणपणाचे वाटत नव्हते. हे ठरवणे कोर्टाचे काम नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे.

कॅलिफोर्निया आज या बाबतीत सर्वांच्या पुढे आहे. पण तो नेहमीच तसा होता असे मात्र कोणी समजू नये. १९९४ साली त्याच राज्यातील मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी एक ठराव मंजूर केला होता. परवानगीवाचून राहणाऱ्यांच्या मुलांना शाळा बंद, तातडीच्या उपचाराखेरीज इस्पितळ बंद, आणि संशयितांची नावे कळवण्याचे काम शिक्षकांवर आणि डॉक्टरांवर! मध्यवर्ती कोर्टाने तो अडवला आणि १९९९ मध्ये तो कायमचा बारगळला. पंचवीस-तीस वर्षांत एक राज्य किती फिरते, याचे हे उदाहरण आहे. ते पुन्हा फिरणार नाही याची हमी कोणी द्यावी?

तेव्हा मुलाला शाळेत जागा मिळाली. पण शाळेच्या आवारातच अधिकारी उभा राहिला तर त्या जागेचा उपयोग काय? २०११ साली मध्यवर्ती इमिग्रेशन खात्याने स्वतःहून आपल्या अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली होती की, शाळा, इस्पितळे, प्रार्थनास्थळे, लग्ने आणि अंत्ययात्रा अशा ठिकाणी निकडीचे कारण किंवा वरिष्ठांची परवानगी असल्यावाचून धरपकड करू नये. २०२१ साली ती सूचना अधिक विस्तृत करण्यात आली. पुष्कळांना वाटे की हा कायदाच आहे. परंतु ते होते खात्याचे पत्रक. आणि पत्रकाचे आयुष्य पत्रक काढणाऱ्याच्या मर्जीइतके. २० जानेवारी २०२५ रोजी, नव्या अध्यक्षांच्या पहिल्याच दिवशी, ते रद्द झाले. कोठे जावे, कोठे न जावे हे यापुढे अधिकाऱ्यांनी तारतम्याने ठरवावे, असे सांगण्यात आले. क्वेकर पंथीयांनी याविरुद्ध दावा लावला. त्यांच्याबरोबर सॅक्रामेंटो येथील शिखांचा गुरुद्वाराही होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेरीलँडच्या मध्यवर्ती न्यायाधीशांनी मनाई दिली, पण ती दावा लावणाऱ्यांच्या प्रार्थनास्थळांपुरतीच. डेन्व्हरच्या शाळाखात्याने आपल्या शाळांसाठी अशीच मनाई मागितली. ती मिळाली नाही.

म्हणून राज्यांनी आपापले कायदे करण्यास घेतले. कॅलिफोर्नियात २०१७ सालीच एक मोठा कायदा झाला होता. इमिग्रेशनच्या कामी राज्याचे पोलीस, पैसा आणि तुरुंग किती वापरावे याला त्याने मर्यादा घातली. मध्यवर्ती सरकारने त्याविरुद्ध दावा केला. २०१९ साली वरच्या कोर्टाने तो कायदा कायम राखला आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. मग सप्टेंबर २०२५ मध्ये शाळा व इस्पितळे यांच्यासाठी खास कायदे झाले. ते वाचताना प्रथम निराशा होते, कारण भाषा मोठी नाही. बारीकसारीक कारकुनी नियमच दिसतात. पण सारे मर्म त्यातच आहे.

एक नियम कागदाचा. अमेरिकेत दोन जातींची वॉरंटे असतात. एक न्यायाधीशाच्या सहीचे. वर कोर्टाचे नाव, आत ठिकाण आणि तारीख. दुसरे इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही करून दिलेले. मुदत संपल्यावर राहणे हा तेथे मुळात फौजदारी गुन्हा नव्हे, दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. म्हणून हे दुसरे वॉरंट खात्यातल्या खात्यात निघते. त्याच्या बळावर माणसाला रस्त्यात धरता येते, परंतु खाजगी जागेचे दार उघडावयास लावता येत नाही. दोन्ही कागदांवर ‘वॉरंट’ हा शब्द ठळक छापलेला असतो आणि घाबरलेल्या कारकुनाला तेवढाच दिसतो. शाळेच्या ज्या भागात बाहेरच्यांना मुक्त प्रवेश नाही तेथे न्यायाधीशाच्या हुकुमावाचून अधिकाऱ्याला सोडू नये, असे नवा कायदा शाळांना सांगतो. माझ्या मते या कायद्याचा अर्धा उपयोग मुख्याध्यापकाला आणि दारावरच्या माणसाला कागद वाचावयास शिकवण्यात आहे.

दुसरा नियम जागेचा. इस्पितळाचे दर्शनी दालन सर्वांना खुले. तेथे अधिकारी बसला तर त्याला उठवता येत नाही. जुलै २०२५ मध्ये ग्लेंडेल येथील एका इस्पितळाच्या दालनात इमिग्रेशनची माणसे आत उपचार घेत असलेल्या एका स्त्रीसाठी कित्येक दिवस बसून होती. नव्या कायद्याप्रमाणे इस्पितळांनी कोणता भाग खुला आणि कोणता बंद हे आधीच ठरवून ठेवावयाचे आहे. वॉर्ड, तपासणीची खोली, शस्त्रक्रियेची खोली या बंद जागा; तेथे पुन्हा न्यायाधीशाचाच हुकूम हवा.

तिसरा नियम दप्तराचा, आणि तो सर्वांत चतुर आहे. नागरिकत्वाविषयीची माहिती मध्यवर्ती सरकारला देण्यास राज्याने आपल्या नोकरांना बंदी करू नये, असा १९९६ चा एक मध्यवर्ती कायदा आहे. यावर तोड काय? जी माहिती नोंदलेलीच नाही ती द्यावयाची कोठून! शाळेला मुलाचे वय हवे, पत्ता हवा, लस टोचल्याचा दाखला हवा. आईबापांचा परवाना तिला कशाला हवा? कॅलिफोर्नियाने इस्पितळांच्या बाबतीत रुग्णाचे जन्मस्थान आणि त्याचा इमिग्रेशनचा दर्जा यांनाही वैद्यकीय माहितीइतकेच गुप्त ठरवले आहे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे टाकाऊ नाही. कायद्याला बंद असलेली बेटे देशात असू नयेत, असे ते म्हणतात. ते योग्यच आहे. पण ही बेटे कायद्याला बंद नाहीत, न्यायाधीशाचा हुकूम आणला की दार उघडावेच लागते. त्यांचा दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. तुरुंगातून शांतपणे ताब्यात घेता आला असता असा माणूस राज्याच्या असहकारामुळे मग रस्त्यावर किंवा घराशी धरावा लागतो आणि त्यात दंगा होतो. हे तुरुंगांच्या बाबतीत खरे असू शकेल. शाळा व इस्पितळे यांची गोष्ट निराळी. ज्या संस्थेचे काम सर्वांनी आल्यावाचून होतच नाही तिला सापळा करून चालत नाही. क्षयाचा रोगी भीतीने घरी बसला तर तो जंतू शेजाऱ्याचे नागरिकत्व विचारीत नाही. म्हणून तर १९८६ च्या मध्यवर्ती कायद्याने तातडीच्या दालनात आलेल्या कोणालाही तपासल्यावाचून परत पाठवू नये असे ठरवले. कोर्टाचेही तेच आहे. साक्षीदारच पकडला जाणार असेल तर साक्ष कोण देईल? न्यूयॉर्कने २०२० साली राज्याच्या कोर्टांत येणाऱ्याजाणाऱ्यांना अशा अटकेपासून संरक्षण दिले. मध्यवर्ती सरकारने त्याविरुद्ध केलेला दावा नोव्हेंबर २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयाने काढून टाकला.

अर्थात ही मोकळीक दुधारी आहे. राज्याला मदत नाकारता येते तशी हौसेने देताही येते. फ्लोरिडात २०२३ पासून ठरावीक इस्पितळांनी प्रत्येक रुग्णाला त्याच्या परवान्याविषयी विचारावयाचे असते. उत्तर नाकारता येते, उत्तराचा उपचारांवर परिणाम होणार नाही असेही फॉर्मवर लिहिलेले असते. टेक्सासच्या गव्हर्नरांनी २०२४ साली परवानगीवाचून राहणाऱ्यांच्या उपचारांचा खर्च मोजण्याचा हुकूम काढला. पोटात दुखत असलेल्या माणसाने तो फॉर्म कसा वाचावा हा ज्याच्या त्याच्या कल्पनेचा भाग. टेनेसीच्या सिनेटने तर २०२५ साली शाळांना अशा मुलांकडून फी घेण्यास किंवा त्यांना नाकारण्यास मुभा देणारे विधेयक मंजूर केले; ते प्रतिनिधिगृहात अडले. १९८२ चा निकाल एका मताने लागलेला आहे, हे ते विधेयक मांडणारे जाणून होते.

आणि या सर्व कायद्यांची हद्द कोठे संपते? फाटकाशी. अंगणात मुख्याध्यापकाचा शब्द चालतो, समोरच्या रस्त्यावर चालत नाही; बसथांब्यावरही चालत नाही. लॉस एंजेलिसच्या शाळाखात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये शाळा सुरू होताना हे ओळखून काही बसचे मार्ग बदलले, शाळेच्या आसपासच्या रस्त्यांवर कर्मचारी आणि स्वयंसेवक उभे केले. त्यांच्या हाती वॉरंट नव्हते की कायदाही नव्हता. मुले आत जाईपर्यंत रस्त्यावर कोण उभे आहे ते पाहावे आणि काही दिसले तर कळवावे, एवढेच त्यांचे काम होते.